सीएनए कौशल्य चाचणीत नापास झाल्यावर दाद मागता येते का? काय टिकतं, काय टिकत नाही

परीक्षेत नापास झाल्यावर पुढे काय करायचं, हे दहावी-बारावी केलेल्या कुणाला महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. गुणपडताळणीचा अर्ज, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि तरीही समाधान झालं नाही तर पुनर्मूल्यांकन. कागद असतो, त्यावर लिहिलेलं बदलत नाही, म्हणून भांडायला जागा असते.

अमेरिकेत सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट होण्यासाठी जी कौशल्य चाचणी द्यावी लागते, तिच्यात हा कागद जवळपास नसतोच. उमेदवारानं हात धुतले, रुग्णाची कूस बदलली, नाडी मोजली. हे सगळं अर्ध्या तासात घडून जातं आणि मागे उरते ती परीक्षकानं टिका मारून भरलेली एक यादी. मग 'ती पायरी मी केली होती' असं म्हणणाऱ्यानं दाद मागायची कशाच्या जोरावर?

दाद मागता येते. पण ती कशाबद्दल मागायची आणि जिंकल्यावर हातात काय पडतं, याबद्दल बहुतेकांचा समज चुकीचा असतो. आणि त्या गैरसमजात मुदत निघून जाते.

सीएनए म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडे रुग्णालयात ज्यांना मावशी किंवा वॉर्डबॉय म्हणतात आणि अलीकडे कौशल्य विकास अभ्यासक्रमांत ज्याला जनरल ड्युटी असिस्टंट असं नाव आहे, त्या कामाच्या जवळ जाणारं हे पद. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवणं, नाडी आणि श्वास मोजून लिहून ठेवणं. फरक एवढाच की अमेरिकेत हे काम करायला राज्याच्या नोंदवहीत नाव असावं लागतं. तिथं असे सुमारे १४ लाख नर्सिंग असिस्टंट काम करतात आणि वृद्धाश्रमवजा नर्सिंग होम तर त्यांच्याच जिवावर चालतात.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांतही हा रस्ता ओळखीचा आहे. एच-४ व्हिसावर जाऊन नंतर कामाचा परवाना मिळालेल्या स्त्रिया, महाराष्ट्रात नर्सिंग करून गेलेल्या पण तिथल्या आरएन परवान्याच्या रांगेत असलेल्या नर्सेस, नर्सिंगला प्रवेश घेण्याआधी अनुभव हवा म्हणून हे प्रमाणपत्र घेणारी कॉलेजची मुलं. अशा कुणाचा निकाल 'फेल' आला की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, रिचेकिंग होतं का?

ही परीक्षा आली कुठून?

१९८६ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं नर्सिंग होममधल्या काळजीच्या दर्जावर अहवाल दिला. त्यानंतर १९८७ च्या कायद्यानं, ज्याला ओब्रा ८७ म्हणतात, नर्सिंग असिस्टंटसाठी किमान ७५ तासांचं प्रशिक्षण बंधनकारक झालं. त्यातले निदान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. शिवाय एक लेखी किंवा तोंडी परीक्षा आणि एक कौशल्य चाचणी. दोन्हींत उत्तीर्ण व्हावंच लागतं. लेखीत पैकीच्या पैकी मिळाले म्हणून कौशल्य चाचणीतली चूक झाकली जात नाही.

कायदा देशाचा, पण परीक्षा राज्याची. राज्यं ती स्वतः घेत नाहीत, बहुतेक ठिकाणी खासगी कंपनीला काम दिलेलं असतं. क्रेडेन्शिया, प्रोमेट्रिक आणि डी अँड एस हेडमास्टर ही त्यातली मोठी नावं. फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कमध्ये प्रोमेट्रिक, ओहायो आणि ॲरिझोनामध्ये हेडमास्टर, असा कारभार आहे. म्हणून एका राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा चालत नाही. तक्रारीची मुदत, शुल्क, पत्ता, सगळं कंपनीच्या त्या राज्यासाठीच्या उमेदवार पुस्तिकेत छापलेलं असतं. परीक्षेआधी ही पुस्तिका लोक कौशल्यांच्या यादीपुरती वाचतात. तक्रारीचं पान शेवटी असतं, तिथवर कुणी पोचत नाही.

खोलीत काय घडतं?

क्रेडेन्शियाच्या राज्यांत वापरली जाणारी एनएनएएपी ही परीक्षा उदाहरण म्हणून घेऊ. उमेदवाराला पाच कौशल्यं करून दाखवायची असतात. हात धुणं सगळ्यांना असतं, एक कौशल्य मोजमापाचं असतं आणि बाकीची यादीतून येतील ती. पाचही कौशल्यांत उत्तीर्ण व्हावं लागतं. चारांत उत्तम आणि एकात नापास, तरी निकाल नापासच. प्रोमेट्रिक आणि हेडमास्टरची रचना थोडी वेगळी आहे, पण मूळ तत्त्व सारखं.

प्रत्येक कौशल्याच्या ठरलेल्या पायऱ्या असतात आणि परीक्षक, जी अनुभवी नर्स असते, त्या एकेक करून तपासत जाते. काही पायऱ्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत असतात. त्या अत्यावश्यक. त्यांतली एक जरी चुकली तरी ते पूर्ण कौशल्य गेलं, बाकीच्या पायऱ्या कितीही नेटक्या केल्या असल्या तरी.

उदाहरणार्थ, उजवा हात अशक्त असलेल्या रुग्णाला कपडे घालणे. आधी अशक्त हात बाहीत घालायचा, मग चांगला. ही पायरी ठळक आहे. कुणी सवयीनं चांगला हात आधी घातला तर खेळ संपला. खुर्चीत बसवतानाही तसंच, रुग्णाला उभं करण्याआधी खुर्चीची चाकं लॉक केलेली हवीत.

चूक लक्षात आली तर उमेदवार परीक्षकाला सांगून ती दुरुस्त करू शकतो, पूर्ण कौशल्य पुन्हा करावं लागत नाही. अपवाद एकच. जी पायरी दुसऱ्या पायरीच्या 'आधी' किंवा 'नंतर' करायची असं लिहिलेलं आहे, ती चुकीच्या क्रमानं झाली तर दुरुस्ती करताना ती कधी करायला हवी होती हेही सांगावं लागतं, नाहीतर ती दुरुस्ती धरली जात नाही. तक्रारींमध्ये 'मी दुरुस्त करायला गेले तर घेतलं नाही' हे वाक्य असेल, तेव्हा पहिल्यांदा हे पाहायचं की ती पायरी क्रमाची होती का. क्रमाची असेल आणि ती कधी करायला हवी होती हे सांगितलं नसेल तर परीक्षकानं नियमच पाळला. तसं नसेल तर मात्र हरकतीत दम आहे.

मोजमापाच्या कौशल्यात आकड्यांची मर्यादा ठरलेली असते. नाडीत परीक्षकाच्या मोजणीपेक्षा जास्तीत जास्त ४ ठोक्यांचा फरक चालतो, श्वासात २ चा, लघवीच्या मापात २५ मिलिलिटरचा.

अनुभवी लोक का नापास होतात?

हे थोडं विचित्र वाटेल, पण भारतात वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेली नर्सही इथं अडखळते. कारण ही परीक्षा कौशल्याची असली तरी ती ठरलेल्या क्रमाची आणि ठरलेल्या बोलण्याची आहे. नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची सवय हाताला असते, परीक्षेत पूर्ण एक मिनिट मोजायची असते. हात चोळायला किमान २० सेकंद. पडदा ओढून रुग्णाला आडोसा देणं ही स्वतंत्र पायरी आहे. ज्या जनरल वॉर्डात पडद्याचा दांडाच रिकामा असतो, तिथं शिकलेल्या माणसाला ही पायरी आठवणार कुठून? शेवटी बोलावण्याची घंटा रुग्णाच्या हाताशी ठेवायची. काय करणार आहोत ते रुग्णाकडे तोंड करून, स्पष्ट आणि सावकाश सांगायचं. परीक्षेच्या धास्तीनं पुष्कळ जण हे सगळं परीक्षकाकडे बघून सांगतात.

आणखी एक गोष्ट. 'आता मी चाकं लॉक करीन' असं नुसतं म्हटलेलं चालत नाही, करून दाखवावं लागतं. हात धुण्याचा मात्र अपवाद: एनएनएएपी परीक्षेत पहिल्यांदा ते प्रत्यक्ष करायचं आणि नंतरच्या कौशल्यांत 'इथे मी हात धुतले असते' एवढं सांगायचं. कुठे नुसतं सांगायचं आणि कुठे करायचं यातला गोंधळ नापास होण्यामागे असतो, अन्याय नव्हे.

उत्तरपत्रिकाच नाही, तर तपासणार काय?

सगळ्या प्रकरणाचं मूळ इथं आहे. तक्रार आल्यावर कंपनीच्या हातात काय असतं? परीक्षकाची भरलेली यादी, तिनं त्याच वेळी केलेल्या टिपा, मोजमापाच्या कौशल्यात उमेदवारानं नोंदवलेला आकडा आणि गरज पडली तर परीक्षकाचं म्हणणं. उमेदवार म्हणतो पायरी केली, परीक्षक म्हणते केली नाही. एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द एवढंच असेल तर यादीचं पारडं जड राहतं, कारण ती घटना घडत असताना लिहिलेली असते.

म्हणजे 'मी बरोबर केलं होतं' ही हरकत प्रामाणिक असली तरी दुबळी आहे. 'परीक्षा नियमाप्रमाणे घेतली गेली नाही' ही हरकत बळकट, कारण नियम लिहिलेले आहेत आणि ते पाळले की नाही हे परीक्षकाच्या नजरेवर अवलंबून नाही.

असे नियम देशाच्या कायद्यातच आहेत. कौशल्य चाचणी घेणारी आणि तपासणारी व्यक्ती नोंदणीकृत नर्स असली पाहिजे आणि तिला वृद्धांच्या किंवा दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या सेवेचा निदान एक वर्षाचा अनुभव हवा. चाचणीची जागा प्रत्यक्ष कामाच्या जागेशी मिळतीजुळती हवी. करायची कौशल्यं यादीतून यादृच्छिक पद्धतीनं निवडलेली हवीत. चाचणी एखाद्या नर्सिंग होममध्ये घेतली गेली तर तिथल्या कर्मचाऱ्यांनी गुण द्यायचे नाहीत, आणि तिथं गैरप्रकार आढळला तर राज्यानं त्या नर्सिंग होमकडून परीक्षेची देखरेख काढून घ्यायची. नापास झालेल्याला कोणत्या भागात कमी पडलो हे सांगणं आणि परीक्षेच्या किमान तीन संधी आहेत हे कळवणं, हेही बंधनकारक आहे.

त्यामुळे ज्याच्या निकालपत्रात नुसतं 'नापास' लिहून कोणतं कौशल्य गेलं ते दिलेलंच नाही, त्यानं पहिलं पत्र तक्रारीचं नव्हे, या माहितीच्या मागणीचं लिहावं. ती माहिती उपकार म्हणून नव्हे, हक्कानं मिळते.

कोणत्या हरकतींत दम असतो?

साहित्य नसणं किंवा बिघडलेलं असणं. खुर्चीचा ब्रेक लागतच नव्हता, नळाला पाणी नव्हतं, घड्याळाचा सेकंदकाटा बंद होता. हे त्या दिवशी त्याच खोलीत परीक्षा दिलेल्या इतरांकडूनही पडताळता येतं.

परीक्षकाचं लक्ष नसणं. फोन घेतला, दाराशी कुणाशी बोलली, पाठ फिरवली. पण एवढं म्हणून भागत नाही. नेमकी कोणती पायरी चालू असताना हे घडलं आणि निकालात तीच पायरी चुकलेली दाखवली आहे का, हा सांधा जुळला पाहिजे. पहिल्या कौशल्यात फोन वाजला आणि नापास झालात चौथ्यात, तर त्याचा उपयोग नाही.

वेळेचा घोळ, चुकीच्या सूचना, मध्येच अडवणं. परीक्षकानं शिकवायचं नसतं, सुचवायचंही नसतं. तिनं 'हे राहू दे, पुढचं कर' म्हटलं आणि राहू दिलेली पायरीच निकालात चुकली म्हणून आली, तर तो गंभीर मुद्दा होतो.

आकड्याची चूक. परीक्षेत कागदावर उतरणारी ही बहुधा एकमेव गोष्ट. उमेदवारानं ७६ लिहिले, परीक्षकाचे ७९, फरक ३, तरीही कौशल्य नापास दाखवलं, तर हे साध्या वजाबाकीनं सिद्ध होतं. मात्र कधीकधी आकडा बरोबर असूनही दुसरीच पायरी गेलेली असते, त्यामुळे निकालपत्र नीट वाचूनच बोलावं.

अपंगत्वासाठीची सोय नाकारणं. अमेरिकन्स विथ डिसॲबिलिटीज ॲक्ट हा कायदा व्यवसायाच्या परवाना-प्रमाणपत्राच्या परीक्षांनाही लागू होतो. ऐकू कमी येणाऱ्यानं आगाऊ अर्ज करून मंजूर करून घेतलेली सोय त्या दिवशी दिलीच नाही, तर ही हरकत पक्की. अर्जच केला नव्हता आणि नापास झाल्यावर कारण पुढे केलं, तर ती बहुधा उभी राहत नाही.

याउलट परीक्षक हसली नाही, कडक होती, घाईत वाटली, शिक्षिकेनं वर्गात वेगळं शिकवलं होतं, मैत्रीण तसंच करून पास झाली, घबराटीनं हात थरथरत होते, या गोष्टी खऱ्या असतात आणि त्रासाच्याही, पण त्यावर निकाल बदलत नाही. शिक्षिकेनं वेगळं शिकवलं हा मुद्दा तर पुष्कळदा खरा निघतो. पण परीक्षेचा आधार पुस्तिकेतल्या पायऱ्या हाच असतो. ती तक्रार परीक्षा कंपनीकडे नाही, प्रशिक्षण संस्थेकडे किंवा तिला मान्यता देणाऱ्या राज्याच्या कार्यालयाकडे करायची.

भेदभावाचं प्रकरण वेगळं आहे. उच्चारावरून किंवा मूळ देशावरून परीक्षक काही बोलली असेल तर नेमके शब्द, त्याच भाषेत, लगेच लिहून ठेवावेत. 'तिचा सूर तसा होता' याला वजन नाही. उच्चारलेल्या वाक्याला आहे.

पहिल्या काही तासांत काय करायचं?

गाडीत बसून आधी रडून घेतलं तरी चालेल, पण त्याच दिवशी कागद-पेन काढावं. कोणती कौशल्यं आली, कोणत्या क्रमानं, प्रत्येकात काय केलं, परीक्षक कुठे उभी होती, काय बोलली, खोलीत काय नव्हतं. वर तारीख आणि वेळ. दोन दिवसांनी आठवणीत इतरांचं ऐकलेलं मिसळतं. तक्रारीत घटना कितीला घडली हे सांगता आलं तर तपासणाऱ्याला ती परीक्षकाच्या नोंदींशी ताडून पाहता येते.

खोलीत असतानाच काही खटकलं तर ते तिथंच, शांतपणे, मोठ्यानं सांगणं सगळ्यात चांगलं. 'या खुर्चीचा ब्रेक लागत नाही' हे वाक्य चाचणी चालू असताना उच्चारलं गेलं तर ते परीक्षकाच्या टिपांत येण्याची शक्यता असते. निकाल लागल्यावर उच्चारलं तर ते निमित्त वाटतं. आपल्याकडच्या माणसाला परीक्षकासमोर असं बोलणं उद्धटपणाचं वाटतं, आणि त्यात नुकसान त्याचंच होतं.

एक साक्षीदार मात्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पुष्कळ परीक्षांत रुग्णाची भूमिका दुसरा उमेदवार करतो, पुतळा फक्त काही मोजक्या कौशल्यांना असतो. पलंगावर पडून हे सगळं जवळून अनुभवणारी ती व्यक्ती. अशक्त हात आधी बाहीत गेला की नंतर, हे तिच्या अंगावरच घडलेलं असतं. तिची साक्ष कंपनीनं मानलीच पाहिजे असं नाही. पण 'रुग्णाच्या भूमिकेत असलेल्या उमेदवाराला विचारावं' अशी विनंती तक्रारीत करायला हरकत नाही. तिच्या घरी फोन करून दबाव आणणं मात्र टाळावं, कारण तिचाही निकाल त्याच कंपनीच्या हातात असतो.

तक्रार कशी लिहायची?

इंग्रजीत, लेखी, परीक्षा कंपनीच्या नावे. परीक्षकाला नाही, क्लासलाही नाही. पूर्ण नाव, उमेदवार क्रमांक, परीक्षेची तारीख आणि केंद्र हे वरच हवं. पाठवल्याची नोंद आणि प्रत स्वतःजवळ हवी. मजकूर एका पानात बसला तर उत्तम.

समजा एका पत्रात असं लिहिलं आहे: 'परीक्षकांचं वागणं बरोबर नव्हतं. मी सर्व पायऱ्या व्यवस्थित केल्या होत्या. मला दोन लहान मुलं आहेत, नोकरीची गरज आहे. कृपया निकाल पुन्हा तपासावा.' यात तपासण्यासारखं काहीच नाही.

दुसऱ्या पत्रात असं: 'तिसरं कौशल्य कपडे घालण्याचं होतं. मी रुग्णाचा उजवा हात बाहीत घालत असताना परीक्षक दाराशी आलेल्या व्यक्तीशी बोलत होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे होती. निकालात हीच पायरी चुकलेली दाखवली आहे. त्या वेळी रुग्णाच्या भूमिकेतली उमेदवार पलंगावर होती.' इथं तपासणाऱ्याला प्रश्न विचारता येतात. कोण आलं होतं, किती वाजता, नोंद आहे का. राग कुठेच नाही, आणि त्यामुळे पत्राचा जोर वाढलाच आहे. मागणीही स्पष्ट हवी: परीक्षेच्या नोंदी तपासाव्यात आणि त्रुटी आढळल्यास विनाशुल्क फेरपरीक्षा द्यावी.

हेडमास्टरच्या बऱ्याच राज्यांत अशा फेरविचाराच्या अर्जासोबत २५ डॉलरची अनामत भरावी लागते आणि मुदत अगदीच तोकडी असते, अधिकृत निकालानंतर कामकाजाचे तीन दिवस इतकीसुद्धा. उशिरा आलेला किंवा अनामतीशिवायचा अर्ज परत जातो. अर्जापूर्वी कंपनीला फोन करून नेमकं काय चुकलं ते समजून घ्या, असं त्यांच्या पुस्तिकाच सांगतात. हा सल्ला मानण्यासारखा आहे. अनेकदा फोनवरच कळतं की वाद एका पायरीचा नव्हता, तीन पायऱ्या गेल्या होत्या, आणि पैसे वाचतात. फोन मात्र स्वतः उमेदवारानं करायचा. नवरा, मुलगा, क्लासच्या बाई यांच्याशी कंपनी निकालाबद्दल बोलत नाही. कुटुंबातल्या 'चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या' माणसाला पुढे करायची आपली रीत इथं चालत नाही.

जिंकलं तर काय मिळतं?

तक्रार मान्य झाली तर 'नापास'चं 'पास' होत नाही. बहुतेक वेळा मिळते ती फेरपरीक्षा, विनाशुल्क. हेडमास्टरच्या पुस्तिकेत तर हे उघडच लिहिलेलं असतं की फेरविचाराच्या निर्णयानं ठरतं ते एवढंच, की पुढच्या परीक्षेचे पैसे कुणी भरायचे. तक्रार खरी ठरली तर कंपनीनं, आणि अनामतही परत.

यामागचं कारण विचार केला तर पटतं. कौशल्य दाखवल्याशिवाय माणसाला रुग्णापाशी सोडायचं नाही, हाच परीक्षेचा हेतू. परीक्षा सदोष झाली म्हणजे उमेदवार नापास ठरत नाही हे खरं, पण तो पास झाला असंही त्यातून सिद्ध होत नाही. बाहेरून पाहताना हे कोरडं वाटतं, पण चाकं लॉक न करता उभं केलं जाणारं माणूस कुणाची तरी आई असते.

अपवाद म्हणजे निव्वळ नोंदीची किंवा बेरजेची चूक. तिथं निकालच दुरुस्त होऊ शकतो.

यावरून व्यवहाराचा हिशोब मांडता येतो. तक्रारीच्या उत्तराला आठवडे लागू शकतात. तेवढ्यात फेरपरीक्षेची तारीख मिळत असेल आणि शुल्क परवडत असेल, तर नुसतं वाट बघत बसणं बहुतेकांना महागात पडतं. तक्रार मुदतीत दाखल करून फेरपरीक्षेची नोंदणीही करावी, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो का हे कंपनीला लेखी विचारून घ्यावं. नोकरीची घाई नसेल आणि मुद्दा भक्कम असेल तर निर्णयाची वाट पाहणंही रास्तच.

कंपनीनं तक्रार फेटाळली तर?

मग राज्याचं कार्यालय. फ्लोरिडात बोर्ड ऑफ नर्सिंग, कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये राज्याचा आरोग्य विभाग, टेक्सासमध्ये आरोग्य आणि मानव सेवा आयोग. कंपनी ही फक्त ठेकेदार, परीक्षेला मान्यता राज्याची असते. राज्याकडे जाताना मुद्दा आणखी नेमका हवा: कोणता नियम मोडला, कंपनीला कधी कळवलं, तिनं काय उत्तर दिलं. राज्य एखाद्या पायरीचा निवाडा करायला बसत नाही. पण एकाच केंद्राबद्दल चार जणांच्या स्वतंत्र तक्रारी एकसारख्या आल्या, तर त्याकडे दुर्लक्ष करणं त्याला अवघड जातं. सोय नाकारल्याचा मुद्दा असेल तर केंद्राच्या न्याय विभागाकडेही तक्रार करता येते. वकील करून कोर्टात जाण्याचा खर्च मात्र फेरपरीक्षेच्या शुल्काच्या कितीतरी पट होतो, त्यामुळे एका निकालासाठी कुणी तसं सुचवलं तर आधी त्याची फी विचारावी.

नोकरीचं आणि प्रयत्नांचं काय?

जे आधीच नर्सिंग होममध्ये कामाला लागले आहेत त्यांच्यासाठी हे जास्त तातडीचं आहे. केंद्राच्या नियमानुसार प्रशिक्षण आणि परीक्षा पूर्ण न केलेल्या माणसाला नर्सिंग होम पूर्ण वेळ नर्स एड म्हणून चार महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवू शकत नाही. तिसऱ्या महिन्यात नापास झालेल्याला तक्रारीच्या उत्तराची वाट बघणं परवडणारं नसतं. त्यानं निकाल आला त्याच दिवशी व्यवस्थापकाला सांगावं. मुदत संपल्यावर नर्स एडचं काम करत राहिलं तर अडचण दोघांचीही होते. पैशाचाही एक नियम कामाचा आहे: नोकरीत असलेल्या किंवा नोकरीचा देकार मिळालेल्या नर्स एडकडून नर्सिंग होमनं परीक्षेचा खर्च घ्यायचा नसतो. आणि स्वतःच्या खर्चानं प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला १२ महिन्यांच्या आत नर्सिंग होममध्ये नोकरी लागली, तर त्या खर्चाची प्रमाणशीर भरपाई राज्यानं करायची असते. पावत्या जपून ठेवाव्यात त्या यासाठी.

नापास झाल्याचा डाग राहतो का, ही भीतीही अनेकांना असते. राज्याच्या नर्स एड नोंदवहीत उत्तीर्ण झालेल्यांची नोंद होते, आणि रुग्णाशी दुर्व्यवहार, हेळसांड किंवा त्याच्या वस्तूंची चोरी सिद्ध झाली तर त्याची. पहिल्या प्रयत्नात नापास झाल्याचा शेरा तिथं नसतो. उत्तीर्ण झाल्यावर ३० दिवसांत नाव चढलं पाहिजे, हाही नियमच आहे.

प्रयत्न किमान तीन मिळतात, त्याहून कमी मर्यादा कोणतंही राज्य घालू शकत नाही. फ्लोरिडात प्रशिक्षण न घेताही थेट परीक्षा देता येते, पण तीनदा नापास झाल्यावर मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय चौथ्यांदा बसता येत नाही. तिथं एकही वर्ग न करता यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून बसणारे बरेच असतात. पहिला प्रयत्न गेलेल्या अशा उमेदवारानं निकालपत्रातली गेलेली पायरी, पुस्तिकेतलं तेच पान आणि आपली त्या दिवशीची टिपणं शेजारी ठेवून वाचली, तर तक्रार लिहायची की दुसऱ्या प्रयत्नाची तारीख घ्यायची, हे ठरवायला तासभरही लागत नाही.